घंटेची दोरी

साउथ कॅरोलायना, भातखाचरांचा किनारा, १८६६

त्या जानेवारीत टिस्डेलसाहेबांनी
स्वतः घंटा वाजवली.
पहाटे चारला, नाइटशर्टावर कोट चढवून.
आम्ही जागेच होतो.
चाळीस वर्षांची खोड, अंग आपलं आपण उठतं.
त्या दिवशी मी अंगाला म्हटलं, पड.
आणि ते पडून राहिलं
नवा हुकूम न कळलेल्या कुत्र्यासारखं,
एक डोळा उघडा ठेवून.

घंटा पुष्कळ वेळ वाजली.
थांबली.
मग एकदाच, चुकून धक्का लागल्यासारखी.
शेजारच्या खोपटात फिनिअस हसला.
हसता हसता त्याला खोकला लागला,
आणि मग बराच वेळ नुसता खोकलाच ऐकू येत राहिला.

आठवड्याभरात निळ्या कोटातला अधिकारी आला.
पिंप पालथं घालून त्यावर करार मांडला:
पिकाचा तिसरा हिस्सा आमचा,
बियाण्याचे पैसे त्यातून वजा,
आणि पाचव्या कलमात, मजुरांनी आदराने बोलावे.
मालकांनी कसे बोलावे, त्याला कलम नव्हतं.

नाव?
टॅमर.
पुढे?
पुढे नदी आहे, मी म्हटलं.
तो हसला नाही. त्याला रकाना भरायचा होता.
मी म्हटलं, उद्या सांगते.
हा शब्द तोंडात घोळवत घरी आले.
उद्या. माझ्या मर्जीचा.

मोठ्या घराच्या धुराड्यातून पिवळा धूर निघे.
मला लांबूनच कळायचं,
ओली लाकडं, वर झडप बंद.
युफेमियाबाईंनी जन्मात चूल पेटवली नव्हती.
मार्चमध्ये त्या दाराशी आल्या,
बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या,
हातात चांदीचा चमचा, बदल्यात द्यायला.
मी उखळात भात कांडत होते.
त्या म्हणाल्या, टॅमर, खाल्ल्या मिठाला तरी जाग.
मी सुपातला कोंडा उडवला. तो त्यांच्या बाजूला गेला,
वाराच तसा होता.
मीठ मी मोजलं नव्हतं, बाई.
भात मात्र सगळा मोजलाय,
टाचेनं एकेक दाणा चिखलात दाबून.
चमचा ठेवून घेतला.
तांदूळ दिला, काठोकाठ.
शीग लावली नाही.
नंतर रात्री वाटलं, लावायला हवी होती.
नंतर वाटलं, का?

एप्रिलात शाळेची झोपडी जळली.
घोड्यांच्या खुरांना फडकी बांधलेली होती,
तरी फिनिअसने घोडा ओळखला:
डाव्या पायाचा नाल त्यानेच ठोकला होता.
नाव तो कुणाला सांगेना.
सांगायचं कुणाला?
निळा कोट तालुक्याला गेला होता,
परतला तेव्हा राख थंड झाली होती,
आणि फिनिअस नव्हता.
त्याची टोपी पाण्याच्या फाटकापाशी अडकलेली.

रकान्याचं राहिलंच.
सगळ्यांनी नवी नावं घेतली,
कुणी फ्रीमन, कुणी बापाची बोट चालायची त्या खाडीचं.
माझ्या मनात होतं आईचं, समुद्रापलीकडचं,
मला ते अर्धंच येतं.
मी सांगितलं, लिहा: टॅमर टिस्डेल.

साहेबांनी ऐकलं आणि छाती फुगवली.
पाहुण्यांना सांगतात अजून,
जुनी माणसं विसरत नाहीत हो.

विसरत नाही, खरं आहे.
हेस्टर नऊ वर्षांची होती, लूसिंडी सहाची.
अलाबामाच्या व्यापाऱ्याने गाडीत बसवल्या.
आता पाय मोकळे झाले असतील, आणि निघाल्या असतील,
तर रस्त्यात विचारतील ते हेच नाव.
दुसरं त्यांना माहीत नाही.

परवा मी घंटेची दोरी कापून आणली.
कुणी हटकलं नाही.
शेळीला लांब चरता येतं तिच्यावर.
उरलेला तुकडा खुंटीला आहे.
बोट धक्क्याला लागली की मी आधी शेळी बांधते,
हात पुसते,
मग जाते बघायला.